व्याह्यांचे घोडे

‘घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं’ ही म्हण माझ्या आईने जन्मभरात शेकडो वेळा वापरली असेल. पण ती आपल्याच दारात शब्दशः खरी झालेली पाहण्याचा योग तिला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी आला. २००० सालच्या मे महिन्यातल्या एका टळटळीत दुपारी कोथरूडच्या आमच्या सोसायटीपुढे एक ट्रक येऊन थांबला. चार माणसांनी दोन जाड फळ्या लावल्या आणि दोरखंड धरून, “सोड, सोड, हळू!” असा गलका करीत एक जीप खाली उतरवली. तिची मागची दोन्ही चाके बसलेली होती. पुढच्या सीटमधून काथ्या बाहेर आला होता आणि बॉनेटवर कोंबड्यांनी वर्षभर केलेल्या मुक्कामाच्या खुणा होत्या. आई गॅलरीत उभी होती. तिने एकदा जीपकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, ती म्हण उच्चारली आणि आत निघून गेली. त्या घटकेपासून जीपचे नाव ‘घोडे’ पडले, ते आजतागायत.

व्याही म्हणजे माझे सासरे. सारे गाव त्यांना अण्णा म्हणत असे. माण तालुक्यात दहिवडीच्या पलीकडे त्यांची कोरडवाहू शेती. १९९९ साली ते गेले आणि वर्षश्राद्धानंतर मेहुण्याने विषय काढला. “ताई, आता ट्रॅक्टर आहे, मोटारसायकल आहे. अण्णांची जीप नुसती गोठ्यात जागा अडवते. भंगारवाला बारा हजार देतो म्हणतोय.” माझी पत्नी काहीच बोलली नाही. मीच घाईघाईने म्हणालो, “भंगारात कशाला? आम्ही नेतो.” बँकेत तेवीस वर्षे दुसऱ्यांची खाती तपासलेल्या माणसाला वेडेपणा करायची संधी फार वेळा येत नाही. आली ती मी सोडली नाही.

आता ही जीप काय चीज होती, हे थोडे सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर याच गाडीला शेतावरच्या कामाला लावावे, असे विलीजवाल्यांनी ठरवले. इकडे महिंद्र बंधूंनी १९४५ साली काढलेल्या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास ती मुंबईत जोडायला घेतली. आमचे घोडे १९६२ सालचे, ‘सी. जे. थ्री बी’ जातीचे. विलीजने ही जात १९५३ साली काढली. तिच्या इंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपा वर डोक्यात आणि धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा खाली बाजूला, अशी मांडणी असते. त्यामुळे इंजिन उंच झाले आणि त्याला झाकायला बॉनेटही उंच करावे लागले. म्हणून ही जीप समोरून पाहिली की नाक वर करून चालणाऱ्या एखाद्या मानी बाईसारखी दिसते. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ साली थांबले. आपल्याकडे मात्र ती पुढेही पुष्कळ वर्षे रस्त्यावर येत राहिली. अण्णांनी ती १९७१ साली एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली होती.

पहिल्याच रविवारी मी आणि चिरंजीव बाह्या सरसावून सफाईला लागलो. चिरंजीव तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि अभ्यास सोडून कुठल्याही कामाला तयार असत. सीटखालून उंदरांची दोन घरटी निघाली. गंजलेला पत्र्याचा डबा, सुतळीचे गुंडाळे, विळ्याचे तुटके पाते, असे काय काय निघाले. क्लचच्या पेडलवर तर कुणीतरी बाभळीच्या लाकडाचा एक ठोकळा तारेने करकचून बांधून ठेवला होता. तीन बोटे जाडीचा, एका बाजूला तिरका तासलेला. “हे काय गावठी काम!” मी म्हणालो आणि पक्कडीने तार कापून तो ठोकळा पोत्यात टाकला. पोते संध्याकाळी भंगारवाल्याने नेले. पत्नी पायरीवर गवार मोडीत बसली होती. तिचा हात क्षणभर थांबल्यासारखा मला वाटला. “काय गं?” मी विचारले. “काही नाही,” ती म्हणाली आणि गवारीचे ताट उचलून आत गेली.

नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत दोन शनिवार हिंडल्यावर कुणीतरी एका म्हाताऱ्या मिस्त्रींचे नाव सांगितले. त्यांचे गॅरेज म्हणजे एका चिंचेखाली टाकलेले चार पत्रे. मिस्त्रींनी घोड्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, चाक हाताने हलवून पाहिले, स्टेअरिंग अर्धा वेढा फिरवले, तरी पुढच्या चाकांना त्याचा पत्ता नव्हता. मी उत्साहाने इंजिनाचे विचारले. ते म्हणाले, “साहेब, इंजिन शेवटी. आधी थांबायचं बघू, मग वळायचं, मग चालायचं. लोक उलटं करतात.”

त्या क्रमाने अकरा महिने काम चालले. चारही चाकांचे ब्रेकड्रम उघडले. मास्टर सिलिंडरचे रबर बदलले. स्टेअरिंगचा जोर चाकांपर्यंत पोचवणारी एक कोयंड्यासारखी तरफ पुढच्या आडव्या पट्टीवर असते. तिची बूश झिजून अंड्याच्या आकाराची झाली होती, ती लेथवाल्याकडून नवी करून घेतली. कमानींचे दोन पाटे तुटले होते. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बदलले. मग झडपा घासून बसवल्या, पिस्टनच्या रिंगा घातल्या, रेडिएटर झाळून घेतला. पत्नीच्या जमाखर्चाच्या वहीत दूध, किराणा, वाणी, लाइटबिल यांच्या शेजारी ‘घोडे’ असा एक नवा रकाना उघडला गेला. वर्षअखेर त्याची बेरीज शहाऐंशी हजार झाली. न्हाणीघराच्या फरशा बदलायचे त्या वर्षी ठरले होते, ते पुढच्या वर्षावर गेले. ती बोलली नाही; पण बेरजेखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या. एरवी ती एकच मारते.

या अकरा महिन्यांत मिस्त्रींनी मला घोड्याची विद्या शिकवली. जमिनीतून वर आलेले तीन दांडे असतात. मोठा नेहमीच्या गिअरचा. उरलेल्या दोन छोट्यांपैकी एकाने पुढच्या चाकांना जोर मिळतो आणि दुसऱ्याने सगळी गती खाली येते. त्याला ‘लो’ म्हणायचे. डांबरी रस्त्यावर पुढचा जोर चालू ठेवायचा नाही. कारण वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब फेरा घेतात आणि मध्ये ढील द्यायला काही नसल्याने यंत्राला पीळ बसतो. माती, वाळू, चिखल असला की चाक थोडे घसरते आणि तो पीळ आपोआप सुटतो. चारही चाकांना जोर म्हणजे गाडी अडायचीच नाही, हाही एक भ्रम. “डिफरन्शियल आळशी असतं, साहेब,” मिस्त्री म्हणत. “जे चाक हवेत, त्याला फिरवणं सोपं. सगळा जोर तिकडंच जातो. पुढचं एक अन् मागचं त्याच्या तिरप्या बाजूचं एक उचललं, की चार चाकांची गाडी बिनचाकांची.”

एकदा त्यांनी मला तीन आकडे सांगितले. पहिल्या गिअरचे २.८, ‘लो’चे २.४६ आणि चाकांजवळच्या डिफरन्शियलचे ५.३८. “बँकेत आहात ना? करा गुणाकार.” मी पावतीच्या मागे गुणाकार केला. सदतीस आले. म्हणजे पहिल्या ‘लो’मध्ये इंजिन सदतीस वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. “मग गाडी माणसापेक्षा हळू चालते, पण भिंतीवर चढेल इतका जोर असतो,” मिस्त्री म्हणाले. “अन् उतारावर तेच उलटं. इंजिनच गाडी धरून ठेवतं.” मी तो कागद पाकिटात जपून ठेवला. आकडा समजला, म्हणजे गोष्ट समजली, असे बँकेतल्या माणसाला नेहमीच वाटते.

इथवर सगळे ठीक होते. पण माणसाला दुखणे परवडते, संगत परवडत नाही. रविवारी सकाळी टेकड्यांच्या पायथ्याशी जमणारी हौशी जीपवाल्यांची एक टोळी मला भेटली. त्यांच्या गाड्या पुरुषभर उंच, टायर बैलगाडीच्या चाकाएवढे. त्यांच्यात माझे घोडे शिंगरासारखे दिसू लागले. मी मिस्त्रींकडे गेलो आणि गाडी उंच करून मागितली. त्यांनी बिडी विझवली. “साहेब, गाडी उंच करायची तर नुसती गाडी उंच करून चालत नाही. नळ्या, दांडे, ब्रेक, सगळंच त्या मापाचं करावं लागतं. एवढं करण्यापेक्षा आहे ती चालवायला शिका.” मला राग आला. शिकायचे वय मागे पडले की ‘शिका’ हा शब्द फार झोंबतो. मी दुसऱ्या एका चकचकीत गॅरेजात गेलो. तिथे आठ दिवसांत काम झाले. कमानी ज्या लोखंडी कड्यांना टांगलेल्या असतात, त्या शॅकली लांब करून घातल्या, दोन दोन पाटे वाढवले आणि सहाशे-सोळाचे टायर काढून साडेसातशे-सोळाचे चढवले. ‘घोडे’ या रकान्यात आणखी एकेचाळीस हजार पडले आणि मुदतठेवीची एक पावती मुदतीआधी मोडली गेली. या वेळी वहीत रेघच नव्हती. बेरीज करायचे तिने सोडून दिले होते.

घोडे रुबाबदार दिसू लागले, पण वागायला बिघडले. सायकलचा पुढचा चिमटा जसा थोडा तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते, तसा पुढच्या एक्सललाही मागे एक ठरावीक कल असतो. शॅकली लांब केल्याने तो कल कमी झाला आणि गाडी रस्त्यावर दारुड्यासारखी भिरभिरू लागली. टायरांची उंची दहाव्या हिश्शाने वाढली, तेवढी ओढ कमी झाली आणि थांबायला अंतर जास्त लागू लागले. हे सारे मला जाणवत होते. पण एकेचाळीस हजार खर्च केलेल्या माणसाला जाणवते ते तो कबूल करीत नाही.

२००२ साली दसऱ्यानंतरच्या रविवारी राजमाचीला जायचे ठरवले. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूने गडाच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटरची वाट. तेव्हा ती नावालाच वाट होती. पावसाळ्याच्या पाण्याने मधोमध गुडघाभर चर पडलेले, कुठे उघडा कातळ, कुठे ओढा. मी आणि चिरंजीव जाणार होतो. शनिवारी रात्री पत्नी एकाएकी म्हणाली, “मी पण येते.” दोन वर्षांत ती घोड्यात फार तर चार वेळा बसली असेल. मला बरे वाटले. माझे कौशल्य पाहायला कुणीतरी घरचे असावे, असे वाटतच होते.

जाताना सगळे झकास झाले. उंच टायर दगडांवरून डौलात चढले. उधेवाडीत पिठले-भाकरी खाल्ली. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन्ही बालेकिल्ल्यांकडे खालूनच पाहिले, तळ्याकाठच्या महादेवाला नमस्कार केला. खाली उल्हास नदीचे खोरे उन्हात चमकत होते. तीनला परत निघालो.

अर्ध्याहून जास्त वाट संपली असेल. एक लांब उतार लागला. डाव्या हाताला मुरमाचा दरड, उजव्या हाताला झाडीत बुडालेला खोल उतार. मी ‘लो’ घातला नव्हता. दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक मारीत मारीत उतरत होतो. कारण ‘लो’मध्ये गाडी मुंगीसारखी चालते आणि मला ते शोभत नव्हते. डावे पुढचे चाक एका चरात पडले. गाडी कमरेत लचकली, चाक खाली लोंबकळले आणि पुन्हा वर आले. पुढे वळण होते. मी ब्रेकवर पाय ठेवला. पाय सरळ फळीपर्यंत गेला.

ती दोन-तीन क्षणांची गोष्ट असेल. पुन्हा दाबला, पुन्हा फळी. गाडी पळू लागली. हँडब्रेक नावाची एक वस्तू असते, हे मला आठवलेसुद्धा नाही. मागून चिरंजीवांनी “बाबा!” अशी हाक मारली. मी स्टेअरिंग डावीकडे ओढले. बंपर दरडीत घुसला, मुरूम बॉनेटवर कोसळला आणि घोडे थांबले. उजवे मागचे चाक वाटेच्या कडेपासून हातभर अंतरावर होते. ते अंतर मी नंतर हाताने मोजले. का मोजले, ते सांगता येणार नाही.

कुणाला खरचटलेदेखील नव्हते. चिरंजीवांनी उडी मारून चाकांपुढे दगड लावले आणि वाकून पाहिले. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने ब्रेक ऑइल ठिबकत होते. ब्रेकची रबरी नळी फाटली होती. मी पाहिले आणि सगळा हिशेब लख्ख कळला. एक्सल खाली गेला, गाडी वर गेली, पण नळी होती तेवढीच राहिली. सपाट रस्त्यावर ती कशीबशी पुरत होती. चाक चरात लोंबकळताच ताणून फाटली. आणि त्या काळच्या या गाडीत चारही ब्रेकांना मिळून एकच मार्ग. एक नळी फुटली की चारही गेले. ‘नळ्या, दांडे, ब्रेक’ असे मिस्त्रींनी क्रमाने सांगितले होते. त्यांतला पहिलाच शब्द होता तो.

माझे पाय थरथरत होते. साडेचार वाजून गेले होते. लोणावळा अजून सहा किलोमीटर, जवळ जादा ऑइल नाही, नळी नाही, मोबाइलला रेंज नाही. मी दगडावर बसलो. तेव्हा पत्नी म्हणाली, “उठा. मला बसू द्या.”

“अगं, ब्रेक नाहीयेत!”

“ब्रेक लावायचाच नाहीये. माझ्या पाठीला काहीतरी द्या फक्त.”

चिरंजीवांनी आपली पिशवी तिच्या पाठीमागे सारली. ती बसली. पदर खोचला. तीन दांड्यांवरून हात फिरवला आणि न बघता ‘लो’ घातला, मग पहिला गिअर. हे करताना तिचा डावा पाय क्लचच्या पेडलवर काहीतरी चाचपत होता. “इथं एक ठोकळा होता,” ती म्हणाली. एवढेच. मला उत्तर सुचले नाही.

आम्ही मागून ओढून, मुरूम उकरून गाडी वाटेवर आणली. तिने क्लच न दाबताच, गिअरमध्येच स्टार्टर मारला. घोडे एक हिसका देऊन सुरू झाले आणि उतारावर निघाले. ॲक्सिलरेटरवर पाय नाही, ब्रेकवर पाय नाही, क्लचवर तर नाहीच. “क्लच दाबला की गाडी मोकळी सुटते. उतारावर क्लच म्हणजे वैरी,” ती म्हणाली. इंजिन घुरघुरत गाडीला मागे ओढून धरीत होते. ते सदतीस पाकिटातल्या कागदावरून प्रथमच जमिनीवर उतरलेले मी पाहिले. माणूस रमतगमत चालतो, त्याच्याही मागे पडेल अशी ती चाल. मी पुढे चालत चर दाखवीत होतो; चिरंजीव बाजूने दोन हातांत धोंडा घेऊन चालत होते, वेळ पडली तर चाकाखाली टाकायला.

चालता चालता ती बोलू लागली. घोड्याकडे बघतच बोलत होती. “बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते. अण्णांनी ऐंशी लिंबं लावली होती. विहीर आटली. दीड कोसावरच्या विहिरीचं पाणी पिंपांतून आणायचो. झाडांमधून गाडी अशीच चालवायची, पहिल्या लोमध्ये. न थांबवता. अण्णा मागं बादली घेऊन चालायचे, प्रत्येक आळ्यात दोन तांबे ओतायचे. गडी परवडत नव्हता. म्हणून मी गाडीवर. पाय पुरेना, म्हणून त्यांनी ठोकळा बसवला. एका रात्रीत तासला.”

“किती झाडं वाचली, आई?” चिरंजीवांनी विचारले.

“एकतीस.”

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग ती मला म्हणाली, “तुम्ही तो फेकलात, तेव्हा वाटलं होतं, हा कशाला होता म्हणून विचाराल. तुम्ही विचारलं नाही. मग मीही सांगितलं नाही.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आले असते.

सहा किलोमीटरला दोन तास लागले. शेवटची वाट हेडलाइटच्या उजेडात काढली. डांबर लागताच तिने सपाटी बघून इग्निशन बंद केले. गिअरमध्येच असलेले घोडे जागच्या जागी उभे राहिले. चहाच्या एका टपरीमागे, मालकाच्या परवानगीने, ते लावून आम्ही लोकलने पुण्याला आलो. रात्री आईने दार उघडले आणि आमच्या अवताराकडे पाहून विचारले, “घोडं कुठंय?” चिरंजीव म्हणाले, “आजी, लोणावळ्याला बांधून आलोय.” आई म्हणाली, “मग आता व्याही नवं धाडतील!” आणि आम्ही तिघेही इतके हसलो, की तिला काय झाले ते कळेना. हसता हसता पत्नीच्या डोळ्यांना पाणी आले आणि मग ते थांबेना. आईने काही न विचारता तिला आत नेले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी फाटकी नळी बोटांत धरली, माझ्याकडे पाहिले आणि एक शब्दही न बोलता कामाला लागले. ते बोलले असते, तर मला सोपे गेले असते. लांब शॅकली निघाल्या, जादा पाटे निघाले, सहाशे-सोळाचे टायर परत आले. सगळ्या ब्रेकनळ्या नव्या बसल्या. डोंगरातल्या वाटेसाठी काय करावे, असे मी या वेळी नीट विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले ते सगळे मिळून चार हजारांतही बसत नव्हते. पुढे-मागे ओढायचे आकडे, तेही बंपरला नव्हे तर चॅसीला. जवळ दोरखंड, फावडे, ब्रेक ऑइलचा डबा, एक नळी, एक क्रॉस. खडकाळ वाट लागली की चाकांतली हवा थोडी कमी करायची, म्हणजे टायर दगडाला हातासारखा धरतो. डांबर लागले की परत भरायची. ओढा ओलांडला की ओले ब्रेक हलके दाबून सुकवायचे. उतार जितका उभा, तितका खालचा गिअर. आणि जिथले दिसत नाही, तिथे आधी उतरून पायी बघायचे. पुढे गाडीच्या फेरनोंदणीच्या वेळी कळले की १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे मूळ घडण अशी मनास येईल तशी बदलताच येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. पण मला तो धडा कायद्याच्या पुस्तकातून मिळालेला नाही.

दिवाळी तोंडावर आली होती. मी बाजीराव रस्त्यावरच्या दुकानांत साड्या पाहिल्या आणि रिकाम्या हाताने परत आलो. मग वखारीत जाऊन बाभळीचा एक तुकडा आणला आणि ओळखीच्या सुताराकडे बसून तासून घेतला. पाडव्याला पत्नीने ओवाळले. मी तबकात तो ठोकळा ठेवला. आई म्हणाली, “अरे, बायकोला पाडव्याला लाकूड? बँकेचं दिवाळं निघालं की काय?”

पत्नीने ठोकळा उचलला. उलटसुलट करून पाहिला. “अण्णांचा डाव्या बाजूला जास्त तिरका होता,” ती म्हणाली. नवी साडी नेसलेलीच ती खाली गेली. चिरंजीवांनी तार आणि पक्कड नेली. मी गॅलरीतून पाहत होतो. तिने कानशीने एक बाजू घासली, बसवून पाहिली, पुन्हा घासली.

“अगं, आता पाय पुरतो ना तुझा?” मी वरून विचारले.

“पुरतो,” ती म्हणाली. “असू दे.”

या गोष्टीला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आई गेली, मिस्त्रीही गेले. घोडे अजून आहे. दर दिवाळीत आम्ही दहिवडीला जातो. फलटणपर्यंत मी चालवतो, पुढे ती. आणि भाऊबीज आटोपली की ती एकटीच घोडे घेऊन लिंबांच्या बागेकडे जाते. मी मागून बादली घेऊन चालतो. आता तिथे ठिबक सिंचन आहे. पाण्याची तशी गरज नाही. पण प्रत्येक आळ्यात दोन तांबे ओतायचे, हे मी तिला विचारून घेतले आहे.